‘हो, पण…’: युद्धावरची पक्षीय सर्वेक्षणं कशी वाचावीत, कशी भरावीत, कशी घ्यावीत

घरोघरी जाऊन सर्वेक्षणाचे फॉर्म भरून घ्यायचं काम मी काही काळ केलं आहे. एका घरी दारातच आजी बसल्या होत्या. फॉर्मवरचा बारावा प्रश्न होता, ‘सरकारच्या लष्करी कारवाईला तुमचा पाठिंबा आहे का?’ पुढे दोनच चौकटी होत्या, हो आणि नाही. मी विचारलं, “आजी, काय लिहू?” त्या म्हणाल्या, “लिही की हो.” मी पेन टेकवलं तोच म्हणाल्या, “पण किती दिवस चालायचं हे? आमचा नातू आहे फौजेत.” मग थोडं थांबून, “म्हणून नाही लिहू नकोस हं. ‘हो, पण’ असं काही लिहिता येतं का तुला?”

तसं लिहायला जागा नव्हती. मी ‘हो’वर खूण केली आणि तेरावा प्रश्न वाचायला घेतला. संध्याकाळी ती खूण बेरजेत गेली, बेरजेचे टक्के झाले. त्या आजींचा ‘पण’ माझ्याशिवाय कुणालाच कळला नाही.

युद्धाबद्दलची मतं जवळजवळ नेहमी अशीच असतात. करांवर किंवा रस्त्यांवर माणूस पटकन हो-नाही सांगतो. युद्धावर त्याच्या मनात एकाच वेळी अभिमान, भीती, राग, हिशेब आणि घरातला एखादा चेहरा असतो. एकाच पक्षाला वर्षानुवर्षं मत देणारी दोन माणसं इथे वेगळं बोलतात, आणि कट्टर विरोधी पक्षांचे दोन मतदार कधी कधी अगदी सारखं बोलतात. सर्वेक्षणाच्या आकड्यात हे सगळं सपाट होतं. ते सपाट कुठे होतं, ते ओळखायचं कसं, आणि आपल्यावर फॉर्म भरायची किंवा भरून घ्यायची वेळ आली तर काय करायचं, ते इथे पायरी पायरीने सांगतो.

पायरी १: कागद कोणाचा आणि कशासाठी, ते आधी ठरवा

‘सर्वेक्षण’ या एका नावाखाली चार वेगळ्या गोष्टी आपल्यापर्यंत येतात.

पहिली, स्वतंत्र संस्थेने केलेली जनमत चाचणी, जिचे निकाल नंतर पक्षांच्या मतदारांनुसार फोडून दाखवलेले असतात. दुसरी, पक्षाने स्वतःच्या उपयोगासाठी करून घेतलेली चाचणी. ही बऱ्याचदा चांगल्या दर्जाची असते, कारण पक्षाला खरं काय ते कळायला हवं असतं. पण ती बाहेर येते तेव्हा सगळी येत नाही. पक्षाला सोयीचा तेवढाच आकडा बाहेर येतो. पक्षाच्या हवाल्याने एकच टक्केवारी फिरत असेल आणि पूर्ण प्रश्नावली कुठेच मिळत नसेल, तर उरलेले प्रश्न का दडवले, हा विचार मनात आणा.

तिसरी गोष्ट दिसते सर्वेक्षणासारखी, पण तिचं काम वेगळं असतं. टपालाने किंवा लिंकने एक प्रश्नावली येते. वर ‘अधिकृत’ असा शब्द असतो, तुमच्या नावाचा खास क्रमांक असतो, उत्तर पाठवायची शेवटची तारीख असते. प्रश्न असे की पक्षाला हवं तेच उत्तर सुचावं. आणि अगदी शेवटी फोन नंबर, ईमेल आणि देणगीच्या रकमेच्या चौकटी. अमेरिकेत दोन्ही मोठ्या पक्षांच्या बाजूने असे फॉर्म सर्रास येतात. तिथल्या संशोधन व्यवसायात याला ‘फ्रगिंग’ असं नावच पडलं आहे. संशोधनाच्या नावाखाली निधी गोळा करणं, असा त्याचा अर्थ. त्या व्यवसायाच्या आचारसंहितेत हे बसत नाही. अशा फॉर्मची उत्तरं कुणी मोजतं की नाही, हेही बाहेरच्या माणसाला कळायला मार्ग नसतो. मोलाचा असतो तो तुमचा पत्ता.

चौथी गोष्ट सगळ्यात वाईट. सर्वेक्षण करतोय असं सांगून विरोधकाबद्दल विष पेरायचं. ‘अमुक उमेदवाराने शत्रूशी संबंध ठेवले होते हे कळल्यावरही तुम्ही त्याला मत द्याल का?’ असा प्रश्न विचारायचा. आरोप खरा असायची गरज नसते, तो कानात गेला की काम झालं. हे ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. प्रश्न दोन-तीनच असतात. वय, शिक्षण, व्यवसाय कुणी विचारत नाही. आणि हजार-दीड हजारांना न विचारता हजारो घरांत तोच फोन जातो. युद्धाच्या काळात हा प्रकार फार घातक ठरतो, कारण देशद्रोहाचा संशय एकदा पेरला की तो उपटून काढणं कठीण.

तेव्हा पहिला नियम असा: कागदावर देणगीची चौकट दिसली की ते सर्वेक्षण समजू नका. त्यातून आलेली टक्केवारी कुणी सांगितली तर तिला मतदारांचं मत म्हणू नका.

पायरी २: प्रश्न शब्दशः मिळवा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून इथे जरा थांबतो.

जानेवारी २००३ मध्ये, इराकवर हल्ला होण्याच्या तोंडावर, अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने लोकांना विचारलं: सद्दाम हुसेनची राजवट संपवण्यासाठी इराकमध्ये लष्करी कारवाई करण्याच्या तुम्ही बाजूने आहात की विरोधात? ६८ टक्के म्हणाले बाजूने, २५ टक्के विरोधात. मग तोच प्रश्न एक अट जोडून विचारला: त्यात अमेरिकेचे हजारो सैनिक मारले जाण्याची किंवा जखमी होण्याची शक्यता असली, तरीही? आता बाजूने ४३ टक्के आणि विरोधात ४८ टक्के. देश तोच, काळ तोच. एका प्रश्नात बहुमत युद्धाच्या बाजूने, दुसऱ्यात विरोध करणारेच जास्त.

यातला खरा आकडा कोणता? दोन्ही खरे आहेत. पहिला सांगतो, किंमत समोर नसताना लोकांना काय हवंसं वाटतं. दुसरा सांगतो, किंमत समोर ठेवल्यावर त्यातले किती टिकतात. या दोहोंमधला २५ टक्क्यांचा फरक म्हणजेच त्या आजींचा ‘पण’. एखादा पक्ष फक्त पहिला आकडा घेऊन ‘जनता आमच्या पाठीशी’ म्हणतो आणि दुसरा फक्त दुसरा घेऊन ‘जनतेला युद्ध नको’ म्हणतो, तेव्हा दोघेही अर्धंच सांगत असतात.

शब्दांची ताकद किती असते, हे फार पूर्वीच लक्षात आलं होतं. १९४१ साली अमेरिकेतले जनमत संशोधक डोनाल्ड रग यांनी एक तुलना प्रसिद्ध केली. लोकशाहीच्या विरोधात जाहीर भाषणं करायला परवानगी द्यावी का, असं विचारल्यावर ६२ टक्के म्हणाले, देऊ नये. अशा भाषणांवर बंदी घालावी का, असं विचारल्यावर मात्र ४६ टक्केच म्हणाले, घालावी. परवानगी न देणं आणि बंदी घालणं यांत व्यवहारात फरक नाही. पण ‘बंदी’ हा शब्द कडक लागतो आणि माणूस बिचकतो. युद्धाच्या प्रश्नांतही असेच शब्द असतात. ‘हल्ला’ म्हणजे एक, ‘कारवाई’ म्हणजे दुसरं, ‘प्रत्युत्तर’ म्हणजे तिसरंच. ‘शस्त्रसंधी’ आणि ‘माघार’ हे शब्द एकाच घटनेसाठी वापरता येतात, पण उत्तरं वेगळी येतात.

प्रश्न हाती आला की तो मोठ्याने वाचा. मी तरी असंच करतो. कानाला खोट लवकर कळते. मग पाहा:

प्रश्नात कारण आधीच भरलेलं आहे का? ‘दहशतवाद संपवण्यासाठी’, ‘निरपराधांचे जीव वाचवण्यासाठी’ असे शब्द प्रश्नाच्या सुरुवातीला आले की उत्तर अर्धं ठरूनच जातं.

एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत का? ‘सैन्याच्या शौर्याला आणि सरकारच्या युद्धधोरणाला तुमचा पाठिंबा आहे का?’ सैनिकांबद्दल मनापासून आदर असलेला, पण धोरण न पटणारा माणूस इथे कुठे खूण करणार? हा प्रकार पक्षांच्या फॉर्मवर फार दिसतो. सैन्याला आडोशाला घेऊन धोरणाला होकार मिळवायची ही रीत मला मुळीच मान्य नाही.

‘तुम्ही सहमत आहात का?’ असा प्रश्न आहे का? समोरचा माणूस वाक्य वाचून ‘सहमत ना?’ विचारतो, तेव्हा बरेच जण नुसत्या भिडेपोटी हो म्हणतात. ‘हे की ते?’ असं विचारणं केव्हाही बरं.

आणि त्याच्या आधीचे प्रश्न कोणते होते? आधी हल्ल्यात मेलेल्यांबद्दल तीन प्रश्न विचारून मग कारवाईबद्दल विचारलं तर उत्तर वेगळं येतं, आधी महागाईबद्दल तीन प्रश्न विचारले तर वेगळं.

पायरी ३: ‘पाठिंबा’ म्हणजे नक्की कशाला, ते सुटं करा

युद्धाबद्दलचा एक प्रश्न म्हणून जो विचारला जातो, त्यात किमान चार प्रश्न असतात. हे युद्ध सुरू करणं बरोबर होतं का? आता पुढे काय करावं: वाढवावं, असंच चालू ठेवावं, थांबवावं? त्यासाठी कोणती किंमत द्यायची तयारी आहे? आणि ते चालवणाऱ्या सरकारवर भरवसा आहे का? एका प्रश्नाला हो म्हणणारा माणूस दुसऱ्याला नाही म्हणू शकतो, आणि त्यात काहीही विसंगत नाही. युद्ध सुरू करायलाच नको होतं, पण आता अर्ध्यात सोडलं तर जास्त नुकसान होईल, असं वाटणारी माणसं कितीतरी भेटतात.

व्हिएतनाम युद्धात गॅलप ही संस्था एकच प्रश्न वर्षानुवर्षं विचारत राहिली: तिथे लढायला सैन्य पाठवण्यात अमेरिकेची चूक झाली का? ऑगस्ट १९६५ मध्ये ‘हो, चूक झाली’ म्हणणारे २४ टक्के होते, ऑगस्ट १९६८ मध्ये ५३ टक्के. वाचणाऱ्याला वाटतं, निम्म्याहून जास्त देश शांततावादी झाला. पण ‘चूक झाली’ म्हणणाऱ्यांत दोन जथे होते. एकाला सैन्य परत यायला हवं होतं. दुसऱ्याचं म्हणणं असं, की लढायचंच तर पूर्ण ताकदीने लढा, हे असं रेंगाळत चालवणं ही चूक. दोघांची खूण एकाच चौकटीत.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मार्च १९६८ मधलं, न्यू हॅम्पशायर राज्यातलं. अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतदारांनी तिथे मतदान केलं. विद्यमान अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याविरुद्ध युजीन मॅकार्थी उभे होते, आणि त्यांचा मुख्य मुद्दा युद्धविरोध हाच होता. त्यांना सुमारे ४२ टक्के मतं पडली. सगळीकडे याचा अर्थ लावला गेला की पक्षाचे मतदार युद्धाला कंटाळले. पुढे मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी मॅकार्थींच्या मतदारांची मतं तपासली. जॉन्सन युद्धात फार पुढे गेले म्हणून नाराज असलेल्यांपेक्षा, ते पुरेसे कठोर नाहीत म्हणून नाराज असलेले जास्त निघाले, साधारण दोनाला तीन या प्रमाणात. शांततेच्या उमेदवाराला जास्त मतं आक्रमक मतदारांची पडली होती. राग दोघांचाही एकाच माणसावर होता, एवढंच त्यांच्यात समान.

म्हणून कुठलाही आकडा समोर आला की कागदावर हे चार प्रश्न लिहा आणि तो आकडा कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, ते पाहा. उरलेल्या तिघांसमोर रिकामी जागा ठेवा. ती रिकामी जागा डोळ्यांसमोर राहिली की निष्कर्ष काढायची घाई होत नाही.

पायरी ४: कोणाला विचारलं?

किती जणांना विचारलं यापेक्षा ते कसे निवडले हे महत्त्वाचं. १९३६ साली अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यावरून आल्फ लँडन जिंकणार असं जाहीर केलं. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट सुमारे ६१ टक्के मतं घेऊन जिंकले. मतपत्रिका गेल्या त्या बऱ्याचशा टेलिफोन आणि मोटार असलेल्यांच्या याद्यांवरून, आणि त्यांतही ज्यांना हौस होती त्यांनीच त्या भरून पाठवल्या. पक्षाच्या सदस्ययादीवरून, पक्षाच्या पानावरच्या लिंकवरून किंवा सभेला आलेल्यांकडून भरून घेतलेल्या फॉर्मचं नेमकं हेच होतं. ते पक्षाच्या उत्साही माणसांचं मत असतं. ‘आमच्या मतदारांचं मत’ हे त्याहून फार मोठं वर्तुळ आहे, आणि ‘जनतेचं मत’ तर त्याहूनही मोठं.

तरीही अशा मोठ्या, स्वेच्छेने भरलेल्या सर्वेक्षणातून काहीच शिकता येत नाही असं मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये १९३४-३५ साली राष्ट्रसंघाच्या (आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या ‘लीग ऑफ नेशन्स’च्या) समर्थकांनी स्वयंसेवक घरोघरी पाठवून ‘पीस बॅलट’ घेतलं. १ कोटी १० लाखांहून जास्त लोकांनी ते भरलं. निवड शास्त्रशुद्ध नव्हती, घेणारे एका बाजूचे होते, आणि टीकाकारांनी ते तेव्हाच बोलून दाखवलं. पण त्यांनी एक गोष्ट फार चांगली केली. एका देशाने दुसऱ्यावर हल्ला केला तर इतरांनी मिळून त्याला रोखावं का, हा प्रश्न त्यांनी दोन भागांत विचारला. आर्थिक आणि लष्कराशिवायच्या उपायांनी रोखावं का, याला सुमारे १ कोटी लोक हो म्हणाले. गरज पडली तर लष्करी उपायांनीही? इथे हो म्हणणारे सुमारे ६८ लाखांवर आले, साडेतेवीस लाखांच्या आसपास लोक नाही म्हणाले, आणि २० लाखांहून जास्त जणांनी ती जागा कोरीच सोडली. त्या कोऱ्या जागा मला हो-नाहीच्या आकड्यांइतक्याच बोलक्या वाटतात.

पायरी ५: पक्षानुसार केलेली फोड जपून वाचा

इथे थोडं गणित लागतं, पण ते तोंडी होतं. नमुना जितक्या लोकांचा, त्याचं वर्गमूळ काढा आणि १ ला त्याने भागा. हजार लोक असतील तर उत्तर येतं साधारण ३ टक्के. म्हणजे आकडा दोन्ही बाजूंनी तेवढा हलू शकतो. आता त्याच हजारांत एका पक्षाचे मतदार २०० असतील, तर त्यांच्या आकड्याची हालचाल ७ टक्के. दोन पक्षांचे प्रत्येकी २०० मतदार घेऊन तुलना केली, तर त्यांच्यातला फरक १० टक्क्यांच्या आसपास गेल्याशिवाय त्यावर मोठा मथळा करणं योग्य नाही. ‘अमुक पक्षाच्या तरुण महिला मतदारांत युद्धविरोध वाढला’ अशी बातमी दिसली, तर त्या महिला किती होत्या ते शोधा. कधी कधी त्या चाळीसही नसतात.

दुसरी काळजी कारणाबद्दल. पक्षाचे मतदार युद्धाच्या बाजूने आहेत म्हणून पक्षाने ती भूमिका घेतली, की पक्षाने भूमिका घेतली म्हणून मतदार तसं म्हणू लागले? बरेचदा दुसरं खरं असतं. दूरच्या देशाबद्दल बहुतेकांना फारशी माहिती नसते; आपला नेता काय म्हणतो यावरून ते अंदाज बांधतात. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पब्लिक पॉलिसी पोलिंग या संस्थेने उमेदवारनिवडीत मतदान करणाऱ्यांना विचारलं, अग्राबावर बॉम्बहल्ला करावा का? रिपब्लिकन मतदारांपैकी ३० टक्के म्हणाले करावा, १३ टक्के विरोधात. डेमोक्रॅटिक मतदारांपैकी १९ टक्के बाजूने आणि ३६ टक्के विरोधात. अग्राबा नावाचं शहर जगात नाही. ते एका ॲनिमेशनपटातलं आहे. बाजूने बोलणारे काय, विरोधात बोलणारे काय, सगळेच नसलेल्या गावाबद्दल बोलत होते. त्यांची चेष्टा करावी असं मला वाटत नाही. फोनवर कुणीतरी गंभीर आवाजात विचारतं तेव्हा माणूस आपल्या पक्षाच्या सवयीने उत्तर देतो. फोडीच्या तक्त्यात मतदाराचं मत किती आणि पक्षाची सवय किती, हे वेगळं काढता येत नाही, एवढं लक्षात असू द्या.

वयाबद्दलचा एक समजही इथेच सोडून द्या. तरुण म्हणजे युद्धविरोधी, असं आपण गृहीत धरतो. व्हिएतनामच्या काळात विद्यापीठांतली निदर्शनं जगाने पाहिली, पण त्याच काळातल्या चाचण्यांत युद्धाला जास्त पाठिंबा तरुणांचा आणि कमी पाठिंबा वयस्कांचा होता.

पायरी ६: तारीख पाहा

हल्ला झाला किंवा युद्ध सुरू झालं की लोक नेत्याभोवती एकवटतात. ७ ते १० सप्टेंबर २००१ या दिवसांत गॅलपच्या चाचणीत जॉर्ज बुश यांच्या कामाला पसंती देणारे ५१ टक्के होते. मध्ये ११ सप्टेंबरचे हल्ले झाले, आणि महिनाअखेरीच्या आत तो आकडा ९० वर गेला. त्यांच्या वडिलांना १९९१ च्या आखाती युद्धानंतर ८९ टक्क्यांची पसंती मिळाली होती. १९९२ च्या निवडणुकीत त्यांना ३७ टक्के मतं पडली आणि ते हरले.

म्हणून सर्वेक्षण प्रसिद्ध कधी झालं ते सोडा, लोकांना कोणत्या दिवशी विचारलं ते पाहा. एकाच आकड्यावर थांबू नका. त्याच संस्थेने तोच प्रश्न पूर्वी विचारला असेल तर ते सगळे आकडे तारखांसह एका ओळीत मांडा. शब्द बदलले असतील तर तुलना करू नका.

पायरी ७: गप्प राहिलेल्यांना मोजा

तक्त्यात ‘सांगता येत नाही’ हा रकाना आहे का? नसेल, तर ती माणसं कुठे गेली? काही संस्था त्यांना काढून टाकून उरलेल्यांचे टक्के १०० ला आणतात. १०० पैकी ४० बाजूने, ३० विरोधात आणि ३० गप्प असतील, तर गप्प माणसं काढल्यावर पाठिंबा एकदम ५७ टक्के होतो. अल्पमताचं बहुमत असं तयार होतं.

युद्ध चालू असलेल्या देशात गप्प राहण्याचं कारण भीतीही असू शकतं. रशियात ४ मार्च २०२२ रोजी सैन्याची बदनामी शिक्षापात्र ठरवणारा कायदा आला. त्यानंतर ‘तुम्ही युद्धाच्या बाजूने आहात का?’ या प्रश्नाला अनोळखी माणसासमोर कोण मोकळेपणाने उत्तर देईल? अशा ठिकाणी संशोधक एक युक्ती वापरतात. एका गटाला तीन-चार साधी विधानं देतात आणि विचारतात, यातली किती पटतात तेवढी संख्या सांगा, कोणती ते सांगू नका. दुसऱ्या गटाला त्याच यादीत युद्धाचं विधान जास्तीचं घालतात. दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे त्या विधानाला असलेला पाठिंबा, आणि कुणा एकाचं मत उघडं पडत नाही. एप्रिल २०२२ मधल्या अशा एका ऑनलाइन प्रयोगात थेट विचारल्यावर ६८ टक्के पाठिंबा दिसला, यादीच्या पद्धतीने ५३ टक्के. मधले १५ टक्के लोक तोंडाने हो म्हणतात, पण मनातून त्यांचा पाठिंबा नाही, असा याचा अर्थ.

भीती फक्त सरकारचीच असते असंही नाही. घरात सगळे एका पक्षाचे असतील आणि फॉर्म सगळ्यांसमोर भरला जात असेल, तर सुनेचं उत्तर सासऱ्यांकडे पाहून येतं. हे मी स्वतः पाहिलं आहे.

पायरी ८: फॉर्म तुमच्याकडे आला तर

विचारणाऱ्याला आधी विचारा: हे कोणासाठी चाललंय, माझं नाव उत्तरांना जोडणार का, निकाल कुठे छापणार? नीट उत्तर मिळालं नाही तर नम्रपणे नकार द्या, तो तुमचा हक्क आहे. घाई करू नका. प्रश्न कळला नाही तर पुन्हा वाचायला सांगा. चांगला सर्वेक्षक तो शब्दशः तसाच वाचतो, स्वतःच्या शब्दांत समजावत नाही. माहिती नसेल तर ‘माहिती नाही’ म्हणा, त्यात कमीपणा नाही. दोन प्रश्न एकात असतील तर तसं सांगा आणि त्या जागी कोरं सोडा. फोन नंबर आणि रकमेच्या चौकटी भरायच्या की नाही, हे मतांपासून वेगळं ठरवा.

पायरी ९: तुम्हालाच सर्वेक्षण घ्यायचं असेल तर

पक्षाची शाखा असो, महाविद्यालयाचा प्रकल्प असो की वाचकांचा गट, छोटं सर्वेक्षणही नीट करता येतं. प्रश्न थोडे ठेवा. मी असे ठेवीन:

‘ही कारवाई सुरू करण्याचा निर्णय तुमच्या मते बरोबर होता, चुकीचा होता, की तुमचं मत बनलेलं नाही?’

‘आता पुढे काय करावं असं वाटतं: कारवाई वाढवावी, आहे तशी चालू ठेवावी, कमी करावी, थांबवून बोलणी करावीत, की सांगता येत नाही?’

‘ही कारवाई वर्षभर चालली आणि त्यात आपले सैनिक मोठ्या संख्येने मारले गेले, तरी ती चालू ठेवावी का, थांबवावी का, की सांगता येत नाही?’

पक्ष कोणता हे सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारलं की माणूस पुढची सगळी उत्तरं त्या पक्षाचा म्हणून देतो.

छापण्याआधी पाच-सात जणांना फॉर्म दाखवा आणि प्रत्येक प्रश्न त्यांच्या शब्दांत सांगायला सांगा. ते भलतंच काही सांगू लागले तर प्रश्न बदला. एखाद्या शब्दाबद्दल शंका असेल तर फॉर्मचे दोन नमुने छापा, एकात ‘कारवाई’ आणि दुसऱ्यात ‘युद्ध’, आणि एकाआड एक वाटा. उत्तरांत मोठा फरक आला तर दोन्ही आकडे सांगा, सोयीचा एकच निवडू नका. घरी जाल तिथे ज्याचं मत हवं त्याच्याच हाती कागद द्या, तो स्वतः खूण करील आणि घडी घालून पेटीत टाकील अशी सोय करा. निकाल छापताना प्रश्न शब्दशः, तारखा, किती जणांना विचारलं, किती जणांनी नकार दिला आणि माणसं कशी निवडली, हे सगळं आकड्यांच्या शेजारीच द्या.

आणि प्रत्येक फॉर्मच्या तळाशी एक कोरी ओळ ठेवा: ‘आणखी काही सांगायचं आहे?’ आमच्या पुढच्या फॉर्मवर ती ओळ मी हट्टाने घालून घेतली. टक्के काढायला बसण्याआधी त्या ओळी वाचून काढायच्या, असंही ठरवलं. पहिल्याच गठ्ठ्यात एका बाईंचा फॉर्म होता. खूण ‘चालू ठेवावी’वर होती, आणि खालच्या ओळीत वाकड्यातिकड्या अक्षरांत दोनच शब्द होते, ‘लवकर संपवा’. खूण होती तिथेच मोजली. अहवालात त्या आकड्याच्या खाली ती ओळही छापली.